रदबदली, अर्ज आणि बिनसहीचे कागद

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींची दृष्टि प्रथम सहीकडे जाते, मग शिक्क्याकडे, आणि मजकुराकडे सर्वांच्या शेवटीं. ज्या कागदाला सही नाहीं, तारीख नाहीं, मायना अर्धवट आहे, तो रुमालाच्या तळाशीं जातो. आणि रुमाल मोडण्याची वेळ आली म्हणजे रद्दीच्या भावानें जाणारा तोच पहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कागदांच्या बाबतींत ही वहिवाट फार हानिकारक आहे. त्या काळच्या कित्येक महत्त्वाच्या कागदांवर लेखकाची सही नाहीं, याचें कारण लेखकाचा निष्काळजीपणा हें नसून सरकारी नोकरावर घातलेला निर्बंध हें आहे. नोकरानें सरकारवर बाहेरून वजन आणूं नये, असा हा निर्बंध. तो कोणत्या वाटेनें आला आणि त्याची खूण दप्तरांत कशी उमटते, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत या प्रकाराला 'रदबदली' असा नेमका शब्द आहे. 'रद्द-ओ-बदल' या जोडशब्दापासून तो आला, आणि मराठींत दुसऱ्याच्या वतीनें मध्यस्थी करून धन्याचें मन वळविणें या अर्थीं रूढ झाला. भीड आणि वशिला हे त्याचेच सोयरे. याच्या उलट अर्ज. अर्जांत चाकर आपलें गाऱ्हाणें आपल्या नांवानें वरिष्ठापुढें ठेवतो. रदबदलींत गाऱ्हाणें चाकराचें, पण तोंड तिसऱ्याचें. हल्लीं ज्यास लॉबिंग म्हणतात तो शब्द विधिमंडळाच्या सभागृहाबाहेरील दालनावरून पडला आहे. सभासद बाहेर आला कीं त्यास तेथें गांठावयाचें. नोकरांविषयींचा सगळा कायदा बहुतेक या एका भेदावर उभा आहे. गाऱ्हाण्यास मनाई नाहीं, तिसऱ्याच्या तोंडास आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अधिकाऱ्यांच्या परीक्षेचें एक प्रकरण आहे. अधिकाऱ्यांनीं आज्ञेप्रमाणें कामें करावीं, परस्परांशीं संगनमत करूं नये आणि वैरही करूं नये, असें तेथें सांगितलें आहे. एक झाले तर धन खातील, भांडले तर काम बुडवितील, हें त्याचें कारण. त्याला लागूनच, धन्यास निवेदन केल्यावांचून कोणताही उपक्रम आरंभूं नये, असा दंडक आहे. मात्र आपत्तीचा प्रतिकार करावयाचा असेल तर ही अट नाहीं. आपत्तीचा हा अपवाद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें दुष्काळाच्या प्रसंगीं तो आठवेल.

आतां आपल्या दप्तरांकडे वळूं. पेशवाईंत मामलेदाराच्या हाताखालीं जे दरकदार असत, म्हणजे दिवाण, मजमूदार, फडणीस, सबनीस, चिटणीस इत्यादि, त्यांची नेमणूक मामलेदाराकडून होत नसे आणि त्यांस काढून टाकण्याचा अधिकारही त्यास नसे. ही मांडणी मोठ्या धोरणाची होती. मामलेदारानें हुजुरांत एक सांगावें आणि महालांत दुसरें करावें, असें होऊं लागलें तर तें बाहेर पडण्यास दुसरी वाट उघडी असे. पण या बांधाला भगदाड पडलें तें हिशेबाच्या वहींतच. उत्तर पेशवाईच्या महालझडत्यांतून 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ' अशीं दोन कलमें आढळतात. नवशिक्या संग्राहकास दरबारखर्च म्हणजे सणासमारंभाचा, पानसुपारीचा खर्च वाटतो. तसें नव्हे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या कलमांचा उलगडा केला आहे. मंत्र्यांस आणि हिशेब तपासणाऱ्यांस द्यावयाची लांच हें त्यांचें मूळ स्वरूप. हळूहळू ती ठरलेली रक्कम झाली आणि इतर खर्चाप्रमाणें तपासलीही जाऊं लागली. मग खऱ्या लांचेसाठीं निराळी रक्कम उभी करणें प्राप्त झालें, आणि अशा नाजुक बाबतींत तपासनीस फार खोल जात नसल्यामुळें मामलेदार आपल्या आश्रयदात्यांसाठीं म्हणून जें गोळा करी त्याहून कितीतरी अधिक स्वतःसाठीं गोळा करूं लागला. हा सर्व भार शेवटीं रयतेवर.

एल्फिन्स्टन हा जिंकणाऱ्या पक्षाचा, तेव्हां त्याच्या लिहिण्यांत जुन्या राज्याचे दोष ठळक होणें साहजिक आहे. तरी हीं कलमें वहींत खुद्द आपल्याच कारकुनांच्या अक्षरानें लिहिलेलीं असल्यानें त्याचें म्हणणें झिडकारतां येत नाहीं. माझ्या मतें या कलमांचें खरें मोल निराळेंच आहे. अधिकाऱ्यानें वरिष्ठावर आणलेल्या वजनाची रक्कम रुपये, आणे, पै यांत नोंदलेली सांपडावी, असें राज्य विरळा. जेथें नियम कडक नसतो तेथें गैरव्यवहार उघड्या वहींत नोंदला जातो. नियम कडक झाला म्हणजे वहींतील कलम नाहींसें होतें. त्याबरोबर गैरव्यवहारही नाहींसा होतोच असें नाहीं.

कंपनीच्या राज्यांत १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टानें कंपनीच्या नोकरांनीं नजरनजराणे घेण्यास बंदी केली. येथून नोकरावरील निर्बंध लेखी कायद्याच्या स्वरूपांत वाढत गेले. त्यांपैकीं आपल्या विषयास जवळचा म्हणजे १८७५ सालचा हिंदुस्थान सरकारचा हुकूम. सरकारी नोकरानें लेखी परवानगीवांचून वर्तमानपत्राचा मालक किंवा संपादक होऊं नये. वर्तमानपत्रांत लिहिण्यास सरसकट मनाई नाहीं, मात्र लेखन सौम्य व मर्यादशीर असावें आणि सरकारी कागद बाहेर फोडूं नयेत, असा त्याचा आशय होता. या हुकुमांत जी फट राहिली, तींतूनच महाराष्ट्रांतील एका मोठ्या पुरुषाचें बरेंचसें सार्वजनिक कार्य झालें.

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली. तिची घटना संग्राहकांनीं मुद्दाम पाहण्याजोगी आहे. सभासद होऊं इच्छिणाऱ्यास निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें लागे; आरंभीं ९५ सभासद सुमारें ६,००० लोकांच्या वतीनें बसले होते. सरकारकडे अर्ज करणारी संस्था स्वतः सह्यांवरच उभी होती! गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. १८७१ च्या अखेरीस माधवराव रानडे पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून आले, आणि तेव्हांपासून सभेच्या अर्जांना, निवेदनांना आणि १८७८ पासून निघूं लागलेल्या तिच्या त्रैमासिकाला जी धार आली ती कोणाची होती, हें त्या वेळीं पुण्यांत सर्वांस ठाऊक होतें. अर्जाखालीं सही सीताराम हरि चिपळूणकरांसारख्या चिटणिसाची. त्रैमासिकांतील लेख बिननांवाचे. रानडे कागदावर कोठेंच नाहींत.

१८७६–७७ च्या दुष्काळांत सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती जमवून सरकारास वेळोवेळीं वृत्तान्त पाठविले. कौटिल्याचा तो अपवाद येथें आठवावा. परंतु इंग्रज सरकारच्या नियमांत तसा अपवाद नव्हता. १८७८ सालीं रानड्यांची नाशिकास बदली झाली. १८७९ च्या मे महिन्यांत, वासुदेव बळवंत फडक्यांचें बंड चालू असतां आणि पुण्यांतील सरकारी वाड्यांस आगी लागल्या असतां, त्यांस तडकाफडकीं धुळ्यास जाण्याचा हुकूम झाला. तेथें त्यांचें टपाल फोडून पाहिलें जात असे, ही हकीकत रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आली आहे. दोषारोप नाहीं, चौकशी नाहीं, जबाब नाहीं. फक्त बदलीचा हुकूम. आणि बदलीच्या हुकुमांत कारण लिहिण्याची चाल नव्हती.

सरकारची बाजू अगदींच पोकळ होती असें मला म्हणवत नाहीं. ज्याच्या पुढें रयत आणि सावकार वादी-प्रतिवादी म्हणून उभे राहतात, त्या न्यायाधीशानेंच रयतेच्या वतीनें सरकारकडे अर्ज रचावा, यांत न्यायासनाच्या तटस्थतेस बाध येतो असें कोणी म्हटल्यास तें विचारांत घेतलेंच पाहिजे. पण येथें कायद्याचाच एक बारकावा रानड्यांच्या बाजूनें उभा राहतो. १८७६ च्या मुंबई रेव्हिन्यू ज्युरिस्डिक्शन ॲक्टानें जमीनमहसुलाच्या आकारणीविषयींचे वाद दिवाणी न्यायालयांच्या कक्षेंतून काढून घेतले होते. म्हणजे सारावाढीविरुद्ध रयतेस ज्या न्यायाधीशाकडे दादच मागतां येत नव्हती, त्या न्यायाधीशानें त्याच विषयावर सरकारपुढें प्रमाणें मांडलीं, तर त्यानें आपल्यापुढील कोणता खटला बिघडविला? शिवाय रानड्यांना या सर्व खटाटोपांत स्वतःच्या बढतीचें कांहीं मिळवावयाचें नव्हतें. उलट ती लांबलीच. हायकोर्टाची जागा त्यांस १८९३ सालीं, काशिनाथ त्रिंबक तेलंगांच्या निधनानंतर, मिळाली. नोकरानें स्वतःच्या लाभासाठीं आणलेलें वजन आणि लोकांसाठीं केलेलें निवेदन यांत त्या काळच्या सरकारनें भेद केला नाहीं, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

१८८५ च्या डिसेंबरांत काँग्रेसची पहिली बैठक पुण्यास भरावयाची होती. पुण्यांत पटकीची साथ आल्यानें ती मुंबईस गोकुळदास तेजपाळ संस्कृत पाठशाळेंत भरली. बहात्तर प्रतिनिधींच्या यादींत रानड्यांचें नांव नाहीं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचेंही नाहीं. दोघेही हजर मात्र होते. सरकारी नोकर असल्यानें प्रतिनिधि म्हणून न बसतां सल्लागार व श्रोते म्हणून उपस्थित असलेल्यांत त्यांची गणना त्या वृत्तान्तांत केली आहे. यादीवरून इतिहास लिहिणारांस हा एक चांगला धडा आहे. १८८७ पासून काँग्रेसच्या मंडपांतच सामाजिक परिषद भरूं लागली. तींत रानडे उघडपणें बोलत. विषय सामाजिक असल्यामुळें नियमाची आडकाठी नव्हती.

श्रोता म्हणून तरी बसावें कीं नाहीं, हा प्रश्न १८९० सालीं कलकत्त्याच्या काँग्रेसच्या वेळीं निघाला. काँग्रेसकडून आलेलीं प्रवेशपत्रें बंगाल सरकारकडून परत गेलीं. सरकारी अधिकाऱ्यांनीं प्रेक्षक म्हणूनही अशा सभांस जाऊं नये, असें कळविण्यांत आलें. त्यावर गवर्नर जनरल लॉर्ड लॅन्सडाउन यांच्याकडून खुलासा झाला. काँग्रेसची चळवळ कायदेशीर आहे, हें त्यांत मान्य केलें होतें; परंतु चालू नोकरींतील माणसानें तींत भाग घेऊं नये, आणि कोणावर दडपण तर मुळींच आणूं नये. पेन्शनर मात्र मोकळे. या खुलाशाची पुढें ठेवलेली खूण आपल्या प्रांतांतही दिसते. गणेश श्रीकृष्ण, म्हणजे दादासाहेब, खापर्डे हे वऱ्हाडांत सरकारी नोकरींत होते. १८९० सालीं ती सोडून ते अमरावतीस वकिली करूं लागले, आणि १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले. रमेशचंद्र दत्त १८९७ सालीं नोकरींतून बाहेर पडले व १८९९ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष झाले. स्वतः ह्यूमसाहेब १८८२ सालीं निवृत्त झालेले. तेव्हां कोणाच्या कागदांची जुळणी करितांना त्याच्या नोकरीची अखेर कोणत्या दिवशीं झाली, हें आधीं पाहावें. त्या दिवसापूर्वींचे कागद बिनसहीचे आणि नंतरचे ठळक सहीचे असूं शकतील, आणि अक्षर एकच असेल.

नोकराचें तोंड बंद केल्यावर ज्या तिसऱ्या तोंडानें तो बोलत होता तेंही बंद करतां येतें, हें १८९७ सालीं दिसून आलें. दुष्काळांत खेड्यापाड्यांतील रयतेस साऱ्याच्या सुटीचे नियम समजावून सांगण्याची मोहीम टिळकांच्या प्रेरणेनें सार्वजनिक सभेनें चालविली होती. त्या वर्षीं मार्चांत मुंबई सरकारनें ठराव करून, सार्वजनिक धोरणाच्या बाबतींत सरकारास लिहिण्याचा हक्क असलेली संस्था म्हणून सभेस मिळत आलेली मान्यता काढून घेतली. रानडे-गोखल्यांच्या पक्षानें १८९६ सालींच डेक्कन सभा निराळी काढली होती. सभेचे मार्च १८९७ नंतरचे अर्ज सरकारी दप्तरांत सांपडत नाहींत म्हणून ते झालेच नाहींत, असें अनुमान करूं नये. त्यांची स्थळप्रत सभेकडील बाजूसच शोधिली पाहिजे.

हा प्रश्न आपल्याच देशाचा होता असें नव्हे. अमेरिकेंत १९०२ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हुकूम काढला कीं, संयुक्त संस्थानांच्या नोकरांनीं पगारवाढीसाठीं किंवा स्वतःच्या हिताच्या कायद्यासाठीं खातेप्रमुखावांचून दुसऱ्या कोणत्याही मार्गानें खटपट करूं नये. तेथील काँग्रेसनें १९१२ सालीं कायदा करून नोकरांस एकट्यानें किंवा मिळून काँग्रेसकडे दाद मागण्याचा हक्क परत दिला. पण १९१९ च्या दुसऱ्या कायद्यानें, कायदेमंडळाच्या सभासदांवर वजन पाडण्यासाठीं तारा, पत्रें, छापील कागद यांवर सरकारी पैसा खर्च करण्यास बंदी केली. माणसास बोलूं द्यावें, खात्याच्या तिजोरीस बोलूं देऊं नये, हा भेद मला फार मार्मिक वाटतो. आमच्या दरबारखर्चाच्या कलमावर हाच कायदा लागू झाला असता.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यांत सांगतों. केंद्रीय नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील विसावा नियम असा कीं, नोकरानें आपल्या नोकरीसंबंधीं हितासाठीं वरिष्ठांवर राजकीय किंवा इतर बाहेरचें वजन आणूं नये, आणण्याचा प्रयत्नही करूं नये. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांत तसाच नियम आहे. शाळाखात्यांत माझ्या पाहण्यांतले कित्येक शिक्षक बदलीसाठीं आधीं पुढाऱ्याकडे जात आणि मग मुख्याध्यापकामार्फत अर्ज करीत. दप्तरांत उरे तो केवळ अर्ज. संघटनेच्या बाबतींत निर्बंध सैल झाला तो न्यायालयांतून. मुंबईच्या महालेखापालाच्या कचेरींतून निघालेल्या ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं, सरकारमान्यता नसलेल्या संघटनेंत राहण्याची नोकरास मनाई करणारा नियम रद्द ठरविला.

बदलीच्या हुकुमांत कारण नसावें ही जुनी चालही महाराष्ट्राच्या बदल्यांविषयींच्या २००५ च्या कायद्यानें कांहीं अंशीं मोडली. मुदतीपूर्वीं बदली करावयाची तर कारणें लेखी नोंदून वरची संमति घ्यावी लागते. १८७९ सालीं असा कायदा असता तर धुळ्याच्या बदलीचें कारण आज आपण वाचूं शकलों असतों, किंवा निदान सरकारनें काय कारण दाखविलें तें तरी. २०१३ सालीं टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, अधिकाऱ्यांनीं तोंडी आज्ञांवर चालूं नये, त्या कागदावर घ्याव्या. अर्जदार निवृत्त होते, हें लॅन्सडाउनच्या खुलाशाच्या संदर्भांत लक्षांत घ्यावें. खात्यांच्या बाबतींत २०१५ सालीं त्याच न्यायालयानें सरकारी जाहिरातींवर मर्यादा घातल्या, त्या सरकारी पैशाचा उपयोग पक्षाच्या किंवा व्यक्तीच्या गौरवासाठीं होऊं नये म्हणून.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचें. बिनसहीचा खर्डा हातीं आला तर प्रथम त्याचें अक्षर पाहावें. मोडीचें किंवा इंग्रजीचें वळण हें सहीहून कमी प्रमाण नाहीं. पेशवाईंतील पत्रांत शिक्का व अक्षर यांवरच विश्वास ठेवला जात असे, तोच डोळा येथें वापरावा. खर्ड्यावर एका हाताचा मजकूर आणि दुसऱ्या हाताची दुरुस्ती असेल तर दुरुस्ती करणारा कोण, हा प्रश्न आधीं घ्यावा. चिटणीस मजकूर लिहितो आणि जाणता मनुष्य खोडतो. कागदाचें जलचिन्ह, घडीच्या खुणा, पाकिटावरील टपालाचा शिक्का हीं लेखकाच्या नोकरीच्या ठिकाणाशीं ताडून पाहावीं. सभेचा अर्ज पुण्याचा आणि खर्ड्याचें पाकीट नाशिकचें किंवा धुळ्याचें, असें जुळलें तर पुढें अधिक लिहिण्याची गरजच उरत नाहीं. म्हणून खर्डा पाकिटापासून आणि रुमालापासून वेगळा करूं नये. विकणाऱ्यानें तो वेगळा केला असेल तर रुमाल कोणाच्या घरचा होता हें त्याच वेळीं लिहून ठेवावें.

आमच्या वरोऱ्यापुरतें एक सांगतों. येथें १८७१ पासून १९०६ पर्यंत कोळशाची खाण खुद्द सरकार चालवीत होतें आणि आगगाडीही सरकारी होती. गांवांत लिहितां येणारे थोडे, आणि त्यांतले बरेच सरकारच्या चाकरींत. अशा गांवांतून त्या पसतीस वर्षांत गेलेल्या अर्जांवर गांवकऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे असले, तरी मजकूर रचणारा खाणीचा किंवा तहशिलीचा कारकून असणें संभवनीय आहे. निदान प्रत्येक वेळीं तो अर्जनवीसच होता असें धरून चालूं नये. चंद्रपूर, भद्रावती, वरोरा, चिमूर या बाजूस ज्यांच्या घरीं त्या काळचे अर्जांचे खर्डे, नकला किंवा शेऱ्यासह परत आलेल्या प्रती असतील, त्यांनीं त्या कागदांची लांबीरुंदी, जलचिन्ह, अक्षराचें वळण, दुरुस्तीची शाई निराळी आहे कीं काय, आणि सोबतच्या पाकिटावरील शिक्का, एवढें टिपून या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावें. मूळ कागद पाठवूं नये.